माझ्याकडे तर चालतंय

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात प्रत्येकाचं काम एका शब्दात सांगता यायचं. मेहुणा घासायचा. फिटिंगवाला काचा फ्रेममध्ये बसवायचा. आत्या डिस्पॅचला बसायच्या. तयार चष्मा उजेडात धरायच्या, फडक्यानं पुसायच्या, डबीत घालायच्या आणि दुकानदाराला फोन लावायच्या. मालक सगळ्यांवर ओरडायचे. जावईबापू काय करतात असं मात्र कुणी विचारलं, तर सांगणारा आधी खोकायचा आणि मग म्हणायचा, "ते नेटवर्क बघतात."

आणि नेटवर्कचं असं असतं, की ते चालू असताना त्यात बघण्यासारखं काही नसतं.

मालक म्हणजे जावईबापूंचे सासरे, मेहुणा त्यांचा मुलगा, आणि आत्या मालकांची थोरली बहीण. अशा घरच्या कारखान्यात जावयाला खुर्ची मिळते, मान मिळतो, काचेची केबिनसुद्धा मिळते. पण आपल्यावाचून इथलं काही अडत नाही ही रुखरुख त्याची त्यालाच सांभाळावी लागते. जावयानं ती बरीच वर्षं सांभाळली. मग दुकानांच्या ऑर्डरी कागदावर यायच्या बंद होऊन नेटवरून यायला लागल्या, आणि त्याचे दिवस पालटले. डोळ्यांचा नंबर, फ्रेमचा आकार, सगळं तारेतून काउंटरच्या कॉम्प्युटरवर यायचं आणि तिथून घासायच्या मशीनवर जायचं. ही सगळी जोडणी जावयानं केली. केली म्हणजे नुसती केली नाही, चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा करून समजावूनही सांगितली.

"प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो," तो म्हणाला होता. "चार आकडे, मध्ये टिंबं. आपल्या सगळ्यांचे पहिले तीन सारखेच. दहा, शून्य, पाच. ती झाली आपली गल्ली. शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. तो घर नंबर."

"माझा कितवा?" मेहुण्यानं विचारलं.

"तुझ्या मशीनचा सात."

"आणि तुमचा, भाऊजी?"

"दोन."

"वाटलंच. मग एक नंबर बाबांचा असणार."

"एक नंबर वाटाड्याचा. राउटर म्हणतात त्याला. स्टोअररूमच्या भिंतीवर डबा आहे ना, तो. गल्लीतल्या गल्लीत काही द्यायचं तर मशीन परस्पर देतं. गल्लीबाहेर पाठवायचं असेल, तर दारावरच्या वाटाड्याच्या हातात. आणि त्याला तरी सगळा रस्ता कुठे माहीत असतो? त्याला फक्त पुढचं वळण माहीत. तिथं पुढचा वाटाड्या उभा. असं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात जात ते दुकानात पोचतं."

"आणि हे घर नंबर वाटतं कोण?" आत्यांनी विचारलं. "तुम्ही?"

"तोच वाटाड्या वाटतो. सकाळी मशीन सुरू झालं की गल्लीभर हाळी देतं, अरे, मी कुठे राहतो? बाहेरचं दार कुठलं? आणि जो पहिला उत्तर देईल त्याचं मुकाट ऐकतं. मशीन फार भोळं असतं, आत्या. सासरी पहिल्यांदा आलेल्या जावयासारखं. जो आधी 'इथं बसा' म्हणेल, तिथं बसतं."

सगळे हसले. मालकसुद्धा हसले, आणि मालकांचं हसू हा त्या कारखान्यातला दुर्मीळ माल होता. जावयानं ते कितीतरी दिवस मनात जपून ठेवलं. मेहुण्यानं जाता जाता विचारलं, "म्हणजे तुमचा कॉम्प्युटरही सकाळी असाच ओरडतो?"

"छे! माझा पत्ता मी हातानं लिहून ठेवलाय. कायमचा. आम्ही लोक कुणाला विचारत नाही."

त्याच्या केबिनमध्ये वायफाय नीट पोचत नव्हतं. तसं काम अडत नव्हतं, पण दुपारच्या मॅचचं चित्र फोनवर अडकत होतं, आणि गोलंदाज हात वर करून तसाच उभा राहिला की जावयाचा जीव वरखाली व्हायचा. घरी नवीन राउटर आला तेव्हा जुना डबा त्यानं पिशवीत घातला, कारखान्यात आणला, केबिनच्या तारेला जोडला आणि फायलींच्या मागे ठेवून दिला. दोन डबे एका गल्लीत पत्ते वाटायला लागले तर गोंधळ होईल, एवढं त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं लगेच डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ते वाटायची सोय बंद केली. तेवढ्यात मालकांची हाक आली आणि तो उठून गेला. दुपारी मॅच झकास दिसली.

दुसऱ्या सकाळी काउंटरच्या कॉम्प्युटरवर एकही ऑर्डर आली नाही.

"नेट गेलं," काउंटरवरून आवाज आला.

जावयानं स्वतःचा लॅपटॉप बघितला. "माझ्याकडे तर चालतंय," तो म्हणाला.

काउंटरचा कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर चालला. तिसऱ्या दिवशी प्रिंटर रुसला. मग आत्यांचा डिस्पॅचचा कॉम्प्युटर, मग पुन्हा काउंटर. मालकांची शिस्त अशी, की संध्याकाळी निघताना मेन स्विच बंद. त्यामुळे रोज सकाळी सगळी मशीनं नव्यानं उठायची आणि त्यातलं एखाददुसरं आजारीच उठायचं. कुठलं, ते मात्र आधी सांगता यायचं नाही. दर वेळी जावई केबिनच्या दारात येऊन तेच वाक्य म्हणायचा. शेवटी मेहुण्यानं त्याची नक्कल बसवली. घासायचं मशीन पाण्यावाचून कोरडं पडलं, की तो स्वतःच्या बाटलीतून घोट घ्यायचा आणि सांगायचा, "माझ्याकडे तर चालतंय."

चेष्टा वाढली तसं जावयाला कारण सापडणं भाग झालं. आणि गरजेच्या वेळी कारण पहिल्यांदा तिथंच सापडतं, जिथं उलट बोलणारं कुणी नसतं.

आत्यांची लेक लांब, दुसऱ्या देशात. तिला नुकती मुलगी झाली होती. नातीला बघता यावं म्हणून लेकीनं आत्यांना एक टॅबलेट पाठवला होता. सकाळी आल्या आल्या, पहिला चष्मा हातात घेण्याआधी, आत्या तो उघडायच्या. तिकडे रात्र असायची आणि नातीच्या झोपायची वेळ. चारदोन मिनिटं त्या बाळाशी अशा भाषेत बोलायच्या की फिटिंगवाला मान खाली घालून हसायचा. मग टॅबलेट बंद, आणि काम सुरू.

"हा टॅबलेट," जावई मालकांना म्हणाला. "बाहेरची वस्तू आहे. नेमका सकाळी, मशीनं पत्ते मागत असतात तेव्हाच मध्ये घुसतो. त्यानं पत्ते भांडतात."

पत्ते भांडतात. हे वाक्य उच्चारताना त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं. अगदी खोटं बोलावं असा माणूस तो नव्हता. फक्त अंदाज होता, आणि तो त्यानं निदानाच्या आवाजात सांगितला.

मालकांनी टॅबलेट मागून घेतला आणि आपल्या कपाटात ठेवला. आत्या म्हणाल्या, "माझ्यामुळे होत असेल तर नकोच बाई." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत चाललं. एकही मशीन अडलं नाही. मालकांनी केबिनच्या काचेवर बोटानं टकटक केलं आणि मान हलवली. त्या दिवशी जावयाच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं, केबिनमध्ये प्लग एकच, म्हणून सकाळी आल्या आल्या, मेन स्विच चालू व्हायच्या आधीच, त्यानं फायलींमागच्या डब्याचा प्लग काढून तिथं चार्जर लावला होता, ही गोष्ट त्याच्या ध्यानीमनीही नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅच होती. त्यानं डबा परत लावला.

आणि पुन्हा मशीनं आजारी पडायला लागली.

आता कारखान्यात कुजबुज सुरू झाली की आत्या चोरून फोनवर नातीला बघत असणार. आत्यांनी फोन घरी ठेवायला सुरुवात केली. तरी व्हायचं ते झालंच. एका सकाळी डोळ्यांच्या हॉस्पिटलची मोठी ऑर्डर काउंटरवर पोचलीच नाही आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं चष्म्यासाठी बाकांवर बसून राहिली. हॉस्पिटलवाल्यानं मालकांना जे सुनावलं, ते मालकांनी खाली मान घालून ऐकलं. फोन ठेवून ते आत्यांच्या टेबलाशी गेले.

"ताई, पुढच्या आठवड्यापासून तू घरी राहा. पुष्कळ केलंस. आता आराम कर."

ओरडणारा माणूस हळू बोलला की सगळ्या खोलीला ऐकू जातं. आत्यांच्या हातात चष्मा होता. त्यांनी तो उजेडात धरला, पुसला, डबीत घातला आणि डबीचं झाकण लावलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

मेहुणा केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. या वेळी त्यानं नक्कल केली नाही. "भाऊजी, एकदा तरी बाहेर येऊन काउंटरच्या कॉम्प्युटरवर बघा. स्वतःच्याच लॅपटॉपवर काय बघत बसता?"

जावई गेला. काउंटरच्या खुर्चीवर बसला आणि त्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ता विचारला. हे खरं म्हणजे पहिल्याच दिवशी करायचं काम. ते त्यानं केलं नव्हतं, कारण आपण बांधलेल्या गल्लीत घरांवरच्या पाट्या वाचत फिरणं त्याला कमीपणाचं वाटलं होतं.

पडद्यावर आकडे आले. दहा, शून्य, पाच नव्हेत. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट.

ते आकडे त्याच्या घरचे होते. वर्षानुवर्षं त्यानं ते रोज पाहिले होते. आणि ते वाटणारा फक्त एकच डबा त्याच्या ओळखीचा होता.

सगळं एकदम समोर उभं राहिलं. सकाळी मेन स्विच चालू होतो. स्टोअररूममधला मोठा वाटाड्या सावकाश जागा होतो, आणि फायलींमागचा छोटा डबा आधी. भोळी मशीनं ओरडतात, दार कुठलं? छोटा डबा म्हणतो, मी आहे ना, माझ्याकडे द्या. आणि त्याच्या मागे दार नसतंच. भिंतीवर रंगवलेलं दार ते. ऑर्डरी मागायला गेलेलं मशीन त्या भिंतीवर टकरा देत बसतं. पण मग पत्ते वाटायची सोय तर आपण बंद केली होती... केली होती. खाली 'सेव्ह'चं बटण होतं. ते दाबायच्या आतच हाक आली होती.

आणि त्याच्याकडे नेहमी चालायचंच. त्याच्या लॅपटॉपचा पत्ता कायमचा लिहिलेला. तो कुणाला विचारतच नव्हता.

"काय दिसतंय?" मेहुण्यानं विचारलं.

पडदा सगळ्यांना दिसत होता. वाचता फक्त त्यालाच येत होता. लाज वाटण्याच्याही आधी त्याच्या मनात आलं ते हेच, की हे दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. पुढे कितीतरी दिवस त्याला सगळ्यात जास्त टोचत राहिला तो हा क्रम.

"एक सेटिंग आहे," तो म्हणाला. "बघतो."

तो केबिनमध्ये गेला, डब्याचा प्लग काढला, तार काढली, डबा पिशवीत घातला. बाहेर येऊन सगळी मशीनं बंद करून चालू करायला लावली. सगळी चालली. तो मंगळवार होता.

बुधवारी सगळं चाललं. गुरुवारीही चाललं. फिटिंगवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मानलं." मालक म्हणाले, "शेवटी जाणकार माणूस घरात असलेला बरा," आणि तेच हसू हसले. ज्या हसण्यासाठी जावयानं इतकी वर्षं वाट पाहिली होती, ते आता आलं तेव्हा त्यानं नजर दुसरीकडे वळवली. मग मालकांनीच पुढे जोडलं, "आणि ताईनं फोनही घरी ठेवला ना, त्याचाही फरक पडला."

जावई तोंड उघडणार होता. त्यानं ते चहाच्या कपाला लावलं.

आत्या काउंटरच्या मुलीला डिस्पॅचचं काम शिकवत होत्या. "काच अशी धर. तिरकी. ओरखडा सरळ बघितला तर दिसत नाही." मधल्या वेळेत त्या एकेका दुकानदाराला फोन करत होत्या. जावयाची केबिन त्यांच्या मागेच. काच असली तरी आवाज यायचा. "नमस्कार, मी आत्या बोलतेय. गेले काही दिवस ऑर्डरींचा घोटाळा झाला ना, तो माझ्यामुळे झाला हो. माझी एक वस्तू होती, त्यानं बिघाड झाला. कारखान्यावर राग धरू नका... नाही, आता मी नसणार इथं."

जावयानं केबिनचं दार लावून घेतलं. तरी ऐकू येत होतंच.

शुक्रवारी त्यानं मधला मार्ग काढून पाहिला. सासऱ्यांना म्हणाला, "आता आत्यांना टॅबलेट द्यायला हरकत नाही. मी तशी व्यवस्था केलीय. त्या राहिल्या तरी चालेल." मालकांनी आत्यांना विचारलं.

"नको," आत्या म्हणाल्या. "जावईबापूंनी मेहनतीनं नीट केलंय. माझ्यापायी परत बिघडायला नको."

संध्याकाळी घरी बायकोनं ताट वाढलं. तिला लहानपणी आत्यांनीच सांभाळलं होतं. "आत्याकडे जाऊन आले," ती म्हणाली. "रडली वगैरे नाही. मलाच समजावत होती, की माणसानं आपली अडचण होतेय हे वेळेवर ओळखावं." तिनं भाजीचं भांडं पुढे सरकवलं. "तुम्ही जेवत का नाही?"

"भूक नाही."

"का? तुमच्याकडे तर सगळं चालतंय ना आता?"

तिला नक्कल करायची नव्हती. तिला ते वाक्य माहीतही नव्हतं. जावई ताटावरून उठला.

शनिवारी चहाच्या वेळी सगळे आत्यांच्या टेबलाभोवती जमले. निरोपाचं असं काही ठरलं नव्हतं, पण कुणी आपापल्या जागी बसलंही नव्हतं. मालक काहीतरी बोलायच्या तयारीत घसा साफ करत होते. तेवढ्यात जावयानं पिशवीतून डबा काढला आणि चष्म्यांच्या डब्यांच्या रांगेशेजारी टेबलावर ठेवला. दोन शिंगांसारखे अँटेना, वर धूळ.

"हे काय?" मालक म्हणाले.

"हा दुसरा वाटाड्या," जावई म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटेना. "माझ्या घरचा. मी मॅच बघायला केबिनमध्ये लावला होता. सकाळी हाच आधी उठून मशीनांना खोटे पत्ते वाटत होता. टॅबलेटचा काही संबंध नव्हता. कधीच नव्हता. आत्यांचा काही दोष नाही."

मेहुणा सवयीनं हसला, आणि आपण हसलो हे कळल्यावर थांबला. फिटिंगवाला चहात बघायला लागला. मालकांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग, काय करावं न सुचल्यासारखा, नुसताच मोठा झाला. सगळे त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. ओरडले असते तर जावयाला बरं वाटलं असतं. जावयावर ओरडायचं नसतं, ही त्या घरची रीत त्याला त्या क्षणी शिक्षेसारखी वाटली.

बोलल्या त्या आत्या. डबा उचलून, चष्मा बघावा तसा उजेडात तिरका धरून त्यांनी पाहिला.

"मशीनांना काय म्हणायचा हा?"

"म्हणायचा... दार इकडे आहे."

"आणि नव्हतं."

"नव्हतं."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

हा प्रश्न कुणी विचारू नये, एवढीच त्याची इच्छा होती. चूक त्यानं सांगितली होती. ती कळल्याची तारीख नव्हती सांगितली.

"मंगळवारी."

मंगळवार ते शनिवार, यात काय काय झालं याचा हिशेब सगळ्यांना येत होता. त्याला कॉम्प्युटर लागत नव्हता. पाठीवरची थाप, सासऱ्यांचं हसू, आणि बंद दाराआडून ऐकलेले फोन.

"दार लावून घेतलं होतंत तुम्ही," आत्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या बोलण्याचा तुम्हाला त्रास होतोय."

जावयाची मान वर होईना. टेबलावर एका डबीचं झाकण उघडं होतं. तो त्या झाकणाकडेच बघत राहिला.

मालकांनी मुकाट्यानं किल्ल्या काढल्या, कपाटातून टॅबलेट आणला आणि आत्यांसमोर ठेवला. "ताई, सोमवारी..."

"सोमवारी मी येणार आहे," आत्या म्हणाल्या. "तू मला घरी बसवायच्या आधी मला एकदा विचारलं असतंस, तर बरं झालं असतं. पण ते आपण घरी बोलू." त्यांनी टॅबलेटचं बटण दाबून पाहिलं. त्याचं चार्जिंग कधीचंच संपलं होतं. त्यांनी तो जावयासमोर सरकवला. "तुमच्या केबिनमधला प्लग रिकामा झालाय ना? लावा."

त्यानं लावला. परत येऊन उभा राहिला. आता बसावं की जावं, कुणी सांगेल का, म्हणून तो इकडेतिकडे बघत होता. कुणी सांगत नव्हतं.

आत्यांनी पायानंच शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "इथं बसा."

तो बसला. आत्यांनी फोन जवळ घेतला. पहिल्या दुकानाचा नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी तो फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"मी सगळ्यांना सांगितलंय की माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. "नंबर मी लावून देते. बोलायचं तुम्ही."

पलीकडे घंटी वाजत होती. आत्यांनी पुढचा चष्मा उचलला आणि फडकं शोधायला लागल्या. चहाचे कप तसेच धरून सगळे उभे होते. घंटी थांबली, आणि कुणीतरी म्हणालं, "हॅलो, कोण बोलतंय?"

"मी," जावई म्हणाला, आणि पुढे आपलं नाव सांगितलं.